कळण्याआधी भिडणारे : मुक्तिबोध, ध्रुपद आणि एक अवघड चित्रपट

देवळात आरती संपली की हातातील फुले सावरून सारी मंडळी मंत्रपुष्पांजली म्हणू लागतात. लहान मुलापासून वृद्धापर्यंत सर्वांचा स्वर एक होतो, घंटेचा नाद त्यात मिसळतो, आणि शेवटच्या उच्चारासरशी अंगावर रोमांच उभा राहतो. त्या क्षणी कोणी थांबवून विचारले, ‘आपण आता काय म्हटलेत?’ तर शंभरांतील फार थोडे उत्तर देऊ शकतील. त्यातील एका भागात कुबेराला वंदन आहे, आणि शेवटी जो श्लोक येतो तो ऐतरेय ब्राह्मणातील असून अविक्षिताचा पुत्र मरुत्त नावाच्या राजाच्या घरी प्रत्यक्ष मरुद्गण वाढप्याचे काम करीत, असे त्यात सांगितले आहे. हे ठाऊक नसल्यामुळे आजवर कोणाच्या भक्तीत उणीव आली नाही. मात्र एकदा ते कळल्यानंतर दुसऱ्या दिवशीची पुष्पांजली थोडी अधिक खोल जाते, हाही अनुभव आहे.

अर्थाआधी अनुभव, आणि अनुभवानंतर अर्थ, हा क्रम आपल्याला असा घरचाच आहे. तरीही चित्रपटगृहात पाऊल टाकताच आपण तो विसरतो. पडद्यावर एखादी गोष्ट सरळ उलगडली नाही, माणूस कोठून आला व कोठे गेला हे सांगितले नाही, स्वप्न व जागृती यांची सीमा पुसली गेली, की आपण अस्वस्थ होतो आणि ‘काही कळले नाही’ असा निकाल देऊन उठतो. न कळताही एखादी कृती मनाला भिडू शकते काय, आणि भिडली तर तिला आस्वाद म्हणावे की भ्रम, या प्रश्नाचा इतिहास पाहण्यासाठी दूर पॅरिसला जाण्याचे कारण नाही. तो बालाघाटच्या शेजारी, मराठी घरात जन्मलेल्या एका हिंदी कवीच्या आयुष्यात आणि त्याच्या लेखनावर निघालेल्या एका चित्रपटात आढळतो.

बालाघाट जिल्हा आज मध्य प्रदेशात असला तरी वैनगंगेच्या काठचा हा मुलूख मराठीला परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा तो भाग होता. लांजीचे कोटेश्वर आणि रामपायलीचे राममंदिर येथे जाणाऱ्या भाविकांच्या तोंडी आजही हिंदी, पोवारी आणि मराठी एकमेकींत मिसळलेल्या ऐकू येतात. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताच्या नागपूर विभागातच हा जिल्हा मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर व भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले. एकाच घरातील भाऊ दोन राज्यांचे रहिवासी झाले. बालाघाटहून गोंदियास उतरून हावड्याकडे जाणारी गाडी धरली, की डोंगरगडच्या पुढे राजनांदगाव लागते. हे बैरागी महंतांचे जुने संस्थान. वैष्णव साधूंच्या गादीने जेथे राज्य केले, त्या राजवाड्यात १९५७ मध्ये दिग्विजय महाविद्यालय सुरू झाले. आज हे नगर छत्तीसगड राज्यात आहे. त्या महाविद्यालयात १९५८ साली हिंदीचे अध्यापक म्हणून रुजू झालेल्या गृहस्थांचे नाव गजानन माधव मुक्तिबोध.

मुक्तिबोधांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथला. घराणे मूळचे खानदेशातील, कुलकर्णी. वडील माधवराव पोलीस खात्यात होते व त्यांच्या बदल्यांबरोबर कुटुंब माळव्यात फिरत राहिले. घरात मराठी बोलली जाई, पण मुलाने काव्यासाठी हिंदी निवडली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत लिहिले. ‘नवी मळवाट’ हा कवितासंग्रह व ‘क्षिप्रा’ ही कादंबरी यांमुळे ते मराठी वाचकांस परिचित आहेत, आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या समीक्षाग्रंथास १९७९ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. एका आईच्या दोन मुलांनी दोन भाषांत नवकाव्याची वाट चोखाळावी, हा योग विरळा. घरात एक भाषा, पोथीत दुसरी आणि कचेरीत तिसरी अशी सवय असलेल्या आमच्या कोकणी वाचकांना त्याचे नवल वाटणार नाही. भाषा बदलली तरी मनाचे मूळ बदलत नाही, हे ते अनुभवाने जाणतात. मुक्तिबोधांचेही तसेच होते. भक्तिचळवळीवर त्यांनी १९५५ मध्ये हिंदीत लिहिलेल्या निबंधात ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम ही नावे कबीराच्या बरोबरीने येतात, आणि या चळवळीचे बळ समाजाच्या कोणत्या थरातून आले हा प्रश्न ते जिव्हाळ्याने विचारतात.

१९४३ च्या ‘तार सप्तक’ या संग्रहातील सात कवींत मुक्तिबोध एक होते. पुढे नागपुरात आकाशवाणीची नोकरी, ‘नया खून’ साप्ताहिकाचे काम, कर्जाचे ओझे, मोठे कुटुंब असे दिवस गेले. राजनांदगावात थोडे स्वास्थ्य लाभले. जुन्या राजवाड्याच्या एका भागात, तळ्यांच्या शेजारी त्यांचे बिऱ्हाड होते. त्यांच्या उत्तरकाळच्या कवितांत ओसाड विहिरी, अंधारे जिने, तळ्यातील काळे पाणी, पोपडे सुटलेल्या भिंती वारंवार येतात. ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत एका निर्जन बारवेत राहणारे विद्वानाचे पिशाच्च आहे. अंगावरचा मळ जावा म्हणून ते अविरत अंग घासते आणि मळ काही जात नाही. ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेत अंधाऱ्या खोल्यांतून कोणी अदृश्य व्यक्ती फेऱ्या घालते, भिंतीचा गिलावा गळून त्यातून चेहरा उमटतो, आणि मध्यरात्री निघालेल्या एका भीषण मिरवणुकीत नगरातील प्रतिष्ठित माणसे चालताना दिसतात. कवी हे पाहतो, आणि त्याने पाहिले म्हणून त्याच्यामागे पाठलाग लागतो. पहिल्या वाचनात या कवितांचा सलग अर्थ लावणे कठीण. तरीही त्या वाचून रात्री दिवा मालवताना हात थबकतो, हे कोण नाकारील?

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. भोपाळला व नंतर दिल्लीला उपचार झाले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले. वय सत्तेचाळीसही पूर्ण नव्हते. त्यांचा पहिला काव्यसंग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्याच वर्षी, पण त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. त्याची छापील प्रत त्यांना पाहावयास मिळाली नाही.

आपल्या कविता अशा का होतात याचा विचार मुक्तिबोधांनी स्वतः केला होता. ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकातील ‘तीसरा क्षण’ या लेखात ते कलेचे तीन क्षण सांगतात. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांपुढे एखादे कल्पनाचित्र उभे राहावे तसे रूप धारण करतो. या रूपाला ते ‘फँटसी’ म्हणतात. तिसरा क्षण ते रूप शब्दांत उतरण्याचा, आणि उतरता उतरता ते पुन्हा बदलते. या विवेचनात एक मर्म आहे. कल्पनाचित्र विचित्र असले तरी त्याचे मूळ वेदनेत आहे, आणि म्हणून ते मनमानी नव्हे. वाचकाला मुळाशी असलेली घटना माहीत नसते, पण चित्रातून तिची ऊब किंवा तिचा दाह त्याला जाणवतो. कोकणीत आपण ‘काळजाक लागलें’ म्हणतो, मराठीत ‘मनाला भिडले’ म्हणतो. दोन्हीकडे क्रियापद स्पर्शाचे आहे, आकलनाचे नव्हे.

मराठीत हा वाद जुना आहे. १९४७ साली बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह निघाला तेव्हा दुर्बोधतेचा केवढा गदारोळ उठला! अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून कवी निर्दोष सुटले. दुर्बोधतेच्या आरोपातून मात्र वाचकांनी त्यांना लवकर सोडले नाही. आणि त्याहूनही मागे पाहावे, तर संतांनीच कूट अभंग रचून ठेवले आहेत. मुंगी सूर्याला गिळते असे चित्र मुक्ताबाईच्या नावावरील प्रसिद्ध कुटात आहे. नाथांच्या भारुडांत विंचू, भूत, जोशी अशी सोंगे येऊन काही निराळेच सांगून जातात. गावच्या उत्सवात भारूड ऐकणारा शेतकरी आधी हसतो, मग गंभीर होतो. अर्थाची फोड कीर्तनकार करीलच, पण तोवर रस थांबून राहिलेला नसतो.

आता चित्रपटाकडे वळू. मुक्तिबोधांच्या कथा, निबंध, कविता यांवर आधारलेला ‘सतह से उठता आदमी’ हा हिंदी चित्रपट मणि कौल यांनी १९८० मध्ये पुरा केला आणि १९८१ च्या कान महोत्सवात तो दाखवला गेला. मणि कौल यांचा जन्म १९४४ चा, जोधपूरचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटक यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. ‘उसकी रोटी’, ‘आषाढ़ का एक दिन’, ‘दुविधा’ या चित्रपटांनी त्यांचे नाव झाले, आणि कथा सांगण्याची रूढ रीत मोडल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. मराठी प्रेक्षकांशी त्यांचा संबंध निराळ्या वाटेनेही आला होता. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावरून १९७६ मध्ये ‘युक्त’ या सहकारी संस्थेने जो मराठी चित्रपट काढला, त्याच्या दिग्दर्शकांत ते होते. ओम पुरी यांनी त्यात घाशीराम व मोहन आगाशे यांनी नाना फडणवीस केला. नाटकात ज्यांनी गोष्टीची घट्ट वीण अनुभवली होती, त्यांना तो चित्रपटही गोंधळात टाकणारा वाटला.

‘सतह से उठता आदमी’मध्ये रमेश, माधव व केशव असे तीन मित्र आहेत. रमेशच्या मुखातून मुक्तिबोधांचे लेखन येते. गोपी या मल्याळी नटाने ती भूमिका केली. मित्र बोलतात, वाद घालतात, चालतात, गप्प बसतात. पात्रांच्या स्वरात नाटकी चढउतार नाही. कथेतून निबंधात, निबंधातून कवितेत चित्रपट सरकतो आणि सांधा दाखवीत नाही. हळूहळू कथेची चौकट विरत जाते, आणि कारखान्याच्या दृश्यांपर्यंत आलो की आपल्यापुढे जवळजवळ केवळ चित्रे आणि लेखकाचे शब्द उरतात. कोणाचे कोणाशी काय झाले, असे विचारणाऱ्यास हातात फारसे काही लागत नाही.

पण मणि कौल हे ध्रुपदाचे विद्यार्थी होते, ही गोष्ट येथे ध्यानी घ्यावयास हवी. रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्यापाशी ते शिकले. या चित्रपटाचे संगीत झिया मोहिउद्दीन यांचे धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन डागर यांचे होते. पुढे १९८२ मध्ये मणि कौल यांनी ‘ध्रुपद’ नावाचा स्वतंत्र माहितीपट काढला. झिया फरीदुद्दीन यांनी भोपाळच्या ध्रुपद केंद्रात शिष्य तयार केले. त्यांतील उदय भवाळकर हे उज्जैनच्या मराठी घरातले गायक आज सर्वांस ज्ञात आहेत. ज्या माळव्यातून मुक्तिबोध हिंदीत गेले, त्याच माळव्यातून एक मराठी मुलगा डागरांच्या ध्रुपदात गेला.

ध्रुपदाचा आलाप ज्यांनी देवळाच्या सभामंडपात बसून ऐकला असेल त्यांना या चित्रपटाची किल्ली वेगळी शोधावी लागणार नाही. आलापात शब्द नसतात. री, ना, नोम, तोम असे वर्ण असतात, आणि त्यांचे मूळ हरिनामात आहे असे परंपरा मानते. गायक एका स्वरावर थांबतो, त्याच्या भोवती फिरतो, त्याला सोडून परत येतो. अर्धा तास लोटतो आणि ‘काय घडले’ असे सांगता येत नाही. तरीही ऐकणारा रित्या हाती उठत नाही. मणि कौल यांनी दृश्याला असेच वागवले. भिंतीवरचा उजेड, जिन्यावरची पावले, खिडकीशी उभा माणूस हे स्वर समजून त्यांवर ते थांबले. जो प्रेक्षक बंदिशीच्या शब्दांची वाट पाहत राहिला, तो कंटाळला. जो स्वराबरोबर बसला, त्याला काहीतरी लाभले.

युरोपात हा प्रयोग याआधी निराळ्या हेतूने झाला होता. १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ यांनी अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९२९ मध्ये, लुई बुन्युएल व साल्वादोर दाली या दोन स्पॅनिश तरुणांनी आपापल्या एकेका स्वप्नावरून एक छोटा मूकपट काढला. ज्या प्रतिमेचे तर्काने स्पष्टीकरण देता येईल ती घ्यावयाची नाही, असा त्यांचा नियम होता. प्रेक्षकाला धक्का देणे हा उद्देश उघड होता. रशियातील तार्कोव्हस्की यांचा ‘आरसा’ हा १९७५ चा चित्रपट याच्या उलट टोकाचा. त्यात बालपण, आई, युद्ध, स्वप्न सारे काळाचा क्रम सोडून येते. त्यांनी आपल्या पुस्तकात प्रेक्षकांची पत्रे दिली आहेत. काहींनी लिहिले की आम्हाला काहीच समजले नाही, तर काहींनी लिहिले की हे तर आमचेच बालपण आहे. एकच चित्रपट, एकच भाषा, आणि दोन निकाल! फरक बुद्धीचा म्हणावा तर तक्रार करणारे अडाणी नव्हते. फरक पाहण्याच्या पवित्र्याचा होता.

आपल्या शास्त्रकारांनी या पवित्र्याचा विचार हजार वर्षांपूर्वी केला. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनी रसाची उपमा जेवणाची देतात. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाताना सुमनस पुरुष जसा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक भावांचा आस्वाद घेतो. भोजन करणाऱ्यास मसाल्यांची यादी पाठ असावी लागत नाही. एवढ्यावरून ‘कळण्याची गरजच नाही’ असा सिद्धांत काढण्याचा मोह पुष्कळांस होतो, आणि अशा अवघड चित्रपटांचे समर्थक तो नेहमी काढतात. पण शास्त्राशी प्रामाणिक राहावयाचे तर पुढचेही वाचले पाहिजे.

काश्मीरचे अभिनवगुप्त यांनी नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. पुढे जे दिसते ते शक्य कोटीतले न वाटणे हे पहिले. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतलेला असणे हे आणखी एक. आणि प्रतीतीची साधने अपुरी असणे, स्फुटतेचा अभाव असणे, संशय राहणे हीही विघ्नेच होत. म्हणजे अस्पष्टता हा शास्त्राच्या दृष्टीने गुण नव्हे, अडथळा आहे! मग मुक्तिबोधांची कविता आणि मणि कौल यांचा चित्रपट या विघ्नांच्या यादीतच जमा करावयाचे काय?

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. स्फुटता म्हणजे काय, याचे उत्तर अभिनवगुप्त स्वतःच देतात. केवळ शब्दाने किंवा अनुमानाने झालेल्या ज्ञानात मन विसावत नाही, त्याला प्रत्यक्ष पाहिल्यासारखी प्रतीती हवी असते. म्हणजे ज्या स्पष्टतेवाचून रस अडतो ती डोळ्यांपुढच्या गोष्टीची स्पष्टता होय. स्वप्नाचे उदाहरण घ्यावे. स्वप्नात मृत आजोबा अंगणात बसलेले दिसतात, त्यांच्या हातातील अडकित्ता दिसतो, सुपारीचा वास येतो. ते कसे परत आले, हे घर कोणते, मागचा डोंगर कुठला, यांतले काही उलगडत नाही. संगती नाही, पण प्रतीती लख्ख आहे. म्हणून जागे झाल्यावर डोळे ओले असतात. याच्या उलट, ज्याची संगती चोख आहे पण ज्यातील एकही माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही, असा चित्रपट आपण घरी पोचेपर्यंत विसरतो. गिलाव्यातून उमटणारा मुक्तिबोधांचा चेहरा स्फुट आहे. त्या बारवेतील ब्रह्मराक्षसाचे घासणारे हात स्फुट आहेत. गूढ आहे तो त्यांचा परस्परसंबंध.

प्रेक्षक आपल्याच चिंतांत गुंतलेला असतो त्या विघ्नावर गीत, वाद्य, रंगमंडप यांची योजना हा उपाय शास्त्रात सांगितला आहे. ध्रुपदाचा स्वर या चित्रपटात हेच काम करतो. बाजारातून आलेल्या माणसाला तो आधी शांत बसवतो. आणि सहृदय कोण, याचे उत्तर तर ध्वनिशास्त्राच्या टीकेत प्रसिद्धच आहे : काव्याच्या सतत अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो. अभ्यास हा शब्द महत्त्वाचा आहे. भावनेने आस्वाद घेणे म्हणजे बुद्धी घरी ठेवून येणे नव्हे. पहिल्या दिवशी आलाप लांबच लांब वाटतो आणि दहाव्या दिवशी त्यातील एक श्रुती हलली तर कान टवकारतात. भावनेलाही वळण लावावे लागते.

एवढे मान्य केले तरी एक शंका उरते, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. न कळताच भिडते म्हणून आपण समाधान मानले, तर लेखकाला जे सांगावयाचे होते त्यातून आपली सोयीस्कर सुटका होत नाही काय? मुक्तिबोधांनी मिरवणूक रंगवली ती प्रेक्षकाला अद्भुताचा आस्वाद मिळावा एवढ्यासाठी नव्हे. दिवसा मान्यवर म्हणून वावरणारी माणसे रात्री कोणाबरोबर चालतात, आणि ते पाहून जाणत्या माणसाने गप्प राहावे की बोलावे, हा त्यांचा प्रश्न होता. ब्रह्मराक्षस हे ज्ञान असून ते जगाच्या उपयोगी न पडलेल्या विद्वानाचे चित्र आहे. आपण त्या बारवेच्या अंधाराचे कौतुक करून घरी आलो, तर आपणही अंग घासत बसलेल्या त्या विद्वानाचेच भाऊबंद ठरू.

या शंकेला मुक्तिबोधांच्याच आयुष्यातील एक घटना विलक्षण धार आणते. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिले होते. १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. या आघाताने कवी फार खचला, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नोंदवले आहे. विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की बंदी आली ती शाळकरी मुलांना समजेल अशा सरळ भाषेतील पुस्तकावर. अंधारातील ती मिरवणूक ज्या कवितेत आहे, ती मात्र कोणी रोखली नाही. सरळ गद्याला जेथे दार बंद झाले, तेथे स्वप्नाच्या भाषेला खिडकी उघडी राहिली. अवघडपणा हा नेहमी नखरा नसतो, कधी तो माणसाला उरलेला एकच श्वास असतो, हे या इतिहासावरून कळते. आणि म्हणूनच त्याचा केवळ आस्वाद घेऊन थांबणे पुरेसे नाही. ज्याने तो श्वास इतक्या कष्टाने जपला, त्याचे म्हणणे कधीतरी समजून घेण्याचे ऋण आपल्यावर राहते.

तेव्हा ‘भावना की बुद्धी’ हा झगडाच चुकीचा मांडलेला आहे, असे आम्हास वाटते. आधी भिडणे आणि मग कळणे हा क्रम असू शकतो. दोन पायऱ्यांपैकी पहिलीवरच बसून राहणारा भाबडा होय, आणि दुसरीवर उडी मारू पाहणारा पंडित पहिली हुकल्यामुळे बहुधा पडतो. मंत्रपुष्पांजली म्हणणारे मूल आधी स्वरात रमते. मोठेपणी कोणी त्याला मरुत्त राजाची गोष्ट सांगतो. गोष्ट कळली म्हणून स्वर नाहीसा होत नाही, आणि स्वर आधी आला नसता तर ती गोष्ट विचारावी असे त्याला वाटलेही नसते.

असा एखादा चित्रपट पाहण्याचा प्रसंग आला, तर आमची वाचकांस एवढीच विनंती. कथा शोधण्याची घाई करू नये. पडद्यावरील एकेक वस्तू जशी आहे तशी पाहावी, एकेक आवाज ऐकावा. कंटाळा आला तर तोही लपवू नये, कारण कळल्याचे सोंग हे न कळण्याहून वाईट. घरी आल्यावर कोणते एक दृश्य मनात राहिले, ते स्वतःस विचारावे. ते का राहिले, याचा शोध घेताना अर्थाची वाट सापडते, आणि ती आपली स्वतःची असते. एखादेही दृश्य राहिले नसेल, तर तो चित्रपट आपल्यासाठी नव्हता किंवा अद्याप नाही, असे म्हणून निःशंक मनाने सोडून द्यावा.

राजनांदगावच्या त्या तळ्याकाठी आज मुक्तिबोधांचे स्मारक आहे. बालाघाट, गोंदिया, भंडारा या बाजूंनी डोंगरगडच्या बम्लेश्वरीच्या दर्शनास जाणारी मराठी कुटुंबे थोडे पुढे गेली, तर ते पाहू शकतील. ज्या घरात मराठी बोलली गेली आणि हिंदी लिहिली गेली, त्या घरातील माणसाचे आडनावच अर्थपूर्ण होते. त्यात मुक्ती आधी येते आणि बोध नंतर. परंतु दोन्ही मिळूनच ते नाव पुरे होते.